आईचं बोलणं, नीट करून

मंजुळाबाई कुणाला नुसतं "ये" म्हणाली, असं तिच्या शेजारी उभं आयुष्य काढलेल्या केसरबाईनंही कधी ऐकलं नव्हतं. दारात पाहुणा दिसला की तिचं सुरू व्हायचं, "आलास व्हय? वाट चुकलास का काय? तुझा मुडदा बशिवला, एवढ्या दिसांत तोंड दाखवलं नाय!" हे म्हणता म्हणता पाण्याचा तांब्या पुढं आलेला असायचा आणि चुलीवर तवा चढलेला असायचा. शिव्या खाणारा ओळखून असायचा की आज इथं जेवल्याशिवाय सुटका नाही. ज्याला ती "बसा, चहा घेता का" असं विचारायची, तो एकतर वसुलीला आलेला असायचा, नाहीतर ठरलेली सोयरीक मोडायला. फुलंब्रीकडच्या त्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

मग तिच्या पोटच्या पोरीला ठाऊक नव्हती का? होती की. पण शिकलेलं माणूस एकदा विसरायला बसलं की फार नेमानं विसरतं.

सुकेशनी मेंढरांमागं वाढलेली. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून बापानं, मुंजाबानं, तिला शहरात वसतिगृहात ठेवलं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तिनं उभं राहून "सर, ह्ये लई अवघड हाय" म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. सरही हसले. तिला ते हसणं इतकं लागलं की वर्षभरात तिनं आपली जीभ राखेनं भांडं घासावं तशी घासून काढली. सुट्टीत घरी आली तेव्हा मुंजाबानं बायकोला विचारलं होतं, "पोरगी कुन्या मास्तरणीला दत्तक दिलीस काय गं?" मंजुळाबाई हसली होती. आता मुंजाबा नाही, त्याला जाऊन बरेच दिवस झाले.

सुकेशनी नोकरीला लागली ती शहरातल्याच गारखेड्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालकाचं नाव काकासाहेब. नावावरून धोतर-टोपी डोळ्यांपुढं येते, पण हा गडी पस्तिशीच्या आतला, पुण्याहून इंजिनियर होऊन परत आलेला. त्याच्या कंपनीत लेखनसहायक बनवायचे. म्हणजे असं, की आपण फोनमध्ये बोलायचं, अर्धवट, अडखळत, कसंही, आणि आतल्या कृत्रिम बुद्धीनं त्याचं नीट मराठी पत्र, अर्ज, निरोप करून द्यायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती, आणि काकासाहेबाचा हेतू खरोखर चांगला होता. या गोष्टीत वाईट हेतूचं कुणीच नाही, हीच तर रड आहे.

तर त्यांनी दोन सहायक तयार केले होते. एक आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात लोकांची बोलणी गोळा करून शिकवलेला. माणूस जे म्हणाला तेच तो लिहायचा, फक्त तुटलेलं जोडायचा. दुसरा छापील पुस्तकांवर आणि सरकारी पत्रांवर वाढलेला. तो बोललेल्याचं सार काढायचा आणि गोड, सभ्य भाषेत मांडायचा. ऑफिसात पहिल्याला रांगडा म्हणायचे आणि दुसऱ्याला सालस. दोघांना पोसणं कंपनीला झेपणारं नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी एक ठेवायचा, एक बंद करायचा, असं ठरलेलं होतं.

कोणता ठेवायचा हे तुलना करून ठरणार होतं. एकच बोलणं दोघांना द्यायचं. पडद्यावर डाव्या बाजूला एकाचं लिखाण, उजव्या बाजूला दुसऱ्याचं. कोणतं कुणाचं ते झाकलेलं. तुलना करणारी मुलं दोन्ही वाचायची, एक निवडायची आणि का निवडलं ते एका ओळीत लिहायची. या मुलांची प्रमुख सुकेशनी. चांगलं लिखाण कशाला म्हणायचं याचे नियम तिनंच लिहिले होते. अपशब्द गाळावेत. राग सौम्य करावा. वाचणाऱ्याचं मन दुखावू नये. नियम वाचून काकासाहेब म्हणाला होता, "मॅडम, हे भिंतीवर लावण्यासारखं आहे." आणि लावलंही.

नियमांना विरोध केला तो एकट्या आमरीननं. तिच्या वडिलांचं शहागंजला घड्याळांचं दुकान. ती मराठीही पाण्यासारखी बोलायची, पण वाद रंगला की घरच्या दखनी उर्दूवर यायची.

एकदा एका बापाचं बोलणं तुलनेला आलं. पोरगी वसतिगृहात, बाप तिला सांगतोय, "पैशे उडवू नको, अभ्यास कर, नायतर घरी आणून बैलामागं जुपतो तुला." डावीकडं रांगड्यानं ते जवळपास तसंच लिहिलं. उजवीकडं सालसनं लिहिलं, "अभ्यासाकडे लक्ष दे आणि खर्च जपून कर. तुझी काळजी वाटते." सुकेशनीनं डोळे झाकून उजवं निवडलं. आमरीननं डावं.

"अगं, धमकी आहे ती," सुकेशनी म्हणाली.

"धमकी कायकी? लाड है वो," आमरीन म्हणाली. "मेरी अम्मी मेरे कू करमजली बोली ना, तो समझो घर में सब ठीक है. जिस दिन 'बेटा आमरीन' बोली, उस दिन मैं डर जाती."

"बोलण्याचं वेगळं. लिहिलेलं राहतं. रागात बोललेलं कुणी लिहून ठेवतं का?"

आमरीननं उजवीकडचं पुन्हा वाचलं. "लिखा तो अच्छा है. पर इसमें से बाप किधर गया?"

सुकेशनी हसली आणि पुढचं बोलणं उघडलं. तिला आमरीनचं म्हणणं कळलं नव्हतं असं नाही. पण काही दिवसांपूर्वीच भर ऑफिसात तिच्या फोनवर आईचा आवाजी निरोप चुकून मोठ्यानं वाजला होता, "ए भवाने, मेलीस का जिती हायस गं?" आणि तीच कॉलेजातली हसण्याची लाट पुन्हा उठली होती. तिनं आईला त्याच दिवशी बजावलं, आवाजी निरोप पाठवायचे नाहीत. मुलगी ओशाळली आणि आई गप्प बसली. त्यात आईचं काय चुकलं होतं, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

आता बिभीषणाचं सांगायला हवं. बिभीषण हा सुकेशनीचा थोरला भाऊ. मुंजाबा गेल्यावर मेंढरं त्याच्याकडं आली. चराई राहिली नाही, बायको रानोमाळ हिंडायला तयार नाही, पोरांची शाळा. मंजुळाबाई माहेरी एका मयतीला गेली असताना त्यानं अख्खा कळप विकला आणि एका ट्रकवर ड्रायव्हर म्हणून नोकरी पक्की केली. मंजुळाबाई परत आली तर मेंढरांचं वाडगं रिकामं. त्या कळपातल्या निम्म्या मेंढ्यांच्या जन्माला तिनं हात लावलेला. बिभीषण उंबऱ्यात मान खाली घालून उभा राहिला, शिव्यांची वाट बघत.

मंजुळाबाईनं शिवी दिली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं केलंस. आता तू जा."

तो गेला. वापीला बिऱ्हाड केलं. आईनं फोन केला तर उचलायचा नाही. बहिणीचा उचलायचा, "बराय" म्हणायचा आणि ठेवायचा.

वर्ष गेलं. मंजुळाबाई मुलाचं नावही काढत नव्हती. मग एका सकाळी पाणी भरताना तिनं अचानक त्याचा उद्धार सुरू केला. "त्यो मुडदा तिकडं गुजरातेत काय गिळत आसंल? त्याच्या बायकोला भाकर थापता येती का? वाळून काटूक झाला आसंल मेला!" केसरबाईनं हंडा खाली ठेवला आणि त्याच दिवशी सुकेशनीला फोन लावला. "पोरी, तुझी माय शिव्या द्याया लागली. आता बिभीषणाला बोलीव."

सुकेशनी त्या रविवारी गावाला गेली. आईला लिहिता येत नव्हतं, आणि आवाजी निरोप तिला नको होते. भावाच्या ट्रकमध्ये चार लोकांसमोर आईच्या शिव्या वाजतील या कल्पनेनंच तिचे कान तापले. मग तिच्या मनात आलं, आपण एवढं बनवतो ते कुणासाठी? तिनं आईच्या फोनमध्ये सालस टाकून दिला. हे बटण दाब, बोल, सोड. तो लिहितो आणि दादाला पाठवतो.

मंजुळाबाईनं पदर सावरला, फोन तोंडापुढं धरला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली. "ए मुडद्या, जिता हायस का मेलास? बायकोनं कोंडून ठिवलं का तुला? हुरडा आलाय. तुझ्याबिगर घास उतरंना. आता आला नायस तर तंगडी मोडून चुलीत घालीन. गपगुमान ये!"

तिनं बटण सोडलं आणि लेकीकडं बघितलं. "लिवलं का समदं?"

"लिहिलं."

"वाच बरं."

सुकेशनीनं वाचलं, "प्रिय बिभीषण, तू व तुझे कुटुंबीय कुशल असाल अशी आशा आहे. सध्या हुरड्याचा हंगाम सुरू आहे. आपल्या सोयीने घरी येण्याचे करावे, ही विनंती. तुझी आई, मंजुळाबाई."

मंजुळाबाईनं विचारलं, "म्या इनंती कव्हा केली?"

"लिहिताना तसंच म्हणतात, माय."

"अन् तंगडी?"

"तंगडी काढून टाकली त्यानं."

दोघी हसल्या. मंजुळाबाईला जरा मौजच वाटली. आपल्या तोंडून असं कलेक्टरीणबाईसारखं निघालं, याचा तिला थोडा अभिमानही वाटला. केसरबाईला हाक मारून तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. केसरबाईनं ऐकलं आणि विचारलं, "कुणाला लिवलंय?" पण तिचं कोण ऐकतो!

"तू शिकलेली हायस," मंजुळाबाई शेवटी म्हणाली. "तुला जास्ती कळतंय."

काही दिवसांनी बिभीषणाचं उत्तर आलं. पुढच्या रविवारी सुकेशनीनं आईला ते वाचून दाखवलं. "निरोप मिळाला. सध्या सुट्टी नाही. तब्येतीची काळजी घ्यावी."

"घ्यावी?" मंजुळाबाई म्हणाली. "मला म्हनतोय?"

"किती नीट लिहिलंय बघ. निवळलाय तो."

पातेल्यातलं दूध उतू गेलं तरी मंजुळाबाईचं लक्ष नव्हतं. सुकेशनीनं उठून पातेलं चुलीवरून उतरवलं. आईला मुलाची आठवण येत असेल असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. पण त्या बाईला तो 'घ्यावी' शब्दच टोचत होता, आणि ते बघायला समोर बसलेल्या लेकीला डोळे नव्हते.

तरी मंजुळाबाईनं निरोप पाठवायचे सोडले नाहीत. लेक शहरात, ती गावात. रोज सकाळी ओट्यावर बसून बटण दाबायची आणि बोलायची. हुरडा संपला, उन्हाळा लागला, तरी बोलत राहिली. केसरबाई सांगायची की कधी शिव्या देते, कधी रडते, कधी शेजारच्या म्हशीचं वेत सांगते. सालस ते सगळं ऐकायचा आणि वापीला दर वेळी दोन सभ्य ओळी जायच्या. सुकेशनीनं दोनदा भावाला फोन करून विचारलं, "माय बोलावते तुला. निरोप वाचतोस ना?"

"वाचतो," तो म्हणायचा. त्यापुढं गाडी सरकायची नाही.

ऑफिसात निवाड्याचा दिवस आला तेव्हा सुकेशनीनं सगळ्यांपुढं आईचंच उदाहरण ठेवलं. एका बाजूला आईचे शब्द, तंगडीसकट. दुसऱ्या बाजूला सालसचं लिखाण. मुलं हसली, पण या वेळी ते हसणं तिला लागलं नाही, कारण हसवणारी तीच होती. "एका निरक्षर बाईला आपण प्रतिष्ठा दिली," ती म्हणाली. काकासाहेबानं टाळ्या वाजवल्या. रांगडा बंद करायचं ठरलं.

खुर्च्या सरकवून सगळे उठले तेव्हा आमरीन जवळ आली. "तेरा भाई आया क्या घर कू?"

"येईल."

आमरीननं मान डोलवली आणि आपला डबा घेऊन गेली.

पुढच्याच महिन्यात मंजुळाबाई ओट्यावर कलंडली. केसरबाईनं पाहिलं तेव्हा फोन हातातच होता, पण तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द फुटत नव्हता. गावातल्या जीपनं तिला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावून बोलले. उजवी बाजू गेली आहे. तिला ऐकू येतं, समजतंही. बोलणं परत येईल का, ते सांगता येत नाही. बहुतेक नाही.

सुकेशनीनं बिभीषणाला फोन लावला. त्यानं "हॅलो" म्हटलं, आणि इतक्या वर्षांची घासलेली जीभ एका क्षणात जुनी झाली. "दादा, मायला लकवा मारला रे. बोलाया येईना तिला. ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. वाळला होता, आई म्हणायची तसाच. तो थेट वॉर्डात गेला नाही. आवारातल्या कडुलिंबाखाली उकिडवा बसला आणि बहिणीला म्हणाला, "आधी मला सांग. मला बघाया तिला चालंल का?"

"म्हणजे? किती महिने बोलावतेय ती तुला."

"बोलावतीय?" त्यानं फोन काढून तिच्या हातात दिला. "तूच वाच. ह्ये बोलावनं हाय?"

तिनं वाचलं. एकाखाली एक, सगळे निरोप. आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या सोयीने यावे. घरासंबंधी काही गोष्टी बोलावयाच्या आहेत. उत्तराची अपेक्षा आहे. तिनं स्वतः भिंतीवर लावलेल्या नियमांप्रमाणं त्यात एक शब्द चुकलेला नव्हता.

"मेंढरं इकली त्या दिशी ती अशीच बोलली व्हती," बिभीषण म्हणाला. "बरं केलंस, आता तू जा. येक शिवी दिली आसती तर म्या तिथंच पाय धरले आसते. तिनं मला परकं केलं. मंग ह्ये यायला लागलं. इनंती काय, आपन काय. म्हनलं, वकिलापुढं बसून लिवलंय. आमच्यातल्या येका ड्रायवरला आसंच गोड गोड आलं व्हतं गावाकडनं, अन् मागनं वाटणीची नोटीस. मला वाटलं, तू शिकलेली, तू अन् माय मिळून..."

तो थांबला. "म्हनून म्या बी तसंच लिवलं. घ्यावी म्हनून."

मग सुकेशनीनं सांगितलं. आई काय करायची, मशीन काय करायचं, आणि मशीनला तसं करायला कुणी शिकवलं. काहीही सौम्य न करता सांगितलं. तिला वाटलं, तो हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

बिभीषणानं एवढंच विचारलं, "मंग ती खरं काय म्हनली व्हती?"

पहिला निरोप सोडला तर तिनं आईचं एकही बोलणं ऐकलं नव्हतं. तिनं तिथूनच आमरीनला फोन करून विचारलं की आईच्या फोनवरून आलेलं मूळ बोलणं कुठं सापडतं का. आमरीननं शोधलं आणि परत फोन केला. "कुछ नई है, सुकेशनी. आवाज हम रखतेच नई ना." लोकांचं खासगी बोलणं साठवायचं नाही, हा नियम चांगलाच होता. लिखाण झालं की आवाज पुसला जायचा. हिवाळाभर आणि उन्हाळाभर एक आई आपल्या मुलाशी बोलत होती, आणि ते बोलणं जगात कुठंही उरलं नव्हतं.

"मला एकच ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तिनं तो पहिला निरोप भावाला सांगितला, आईच्या शब्दांत, मुडद्यापासून चुलीपर्यंत. आवारातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. बिभीषण आधी हसला. "तंगडी मोडून?" त्यानं विचारलं. ती "व्हय" म्हणाली. मग त्यानं गळ्यातला गमछा तोंडावर घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. हात ठेवायचा तिला धीर झाला नाही.

वॉर्डात मंजुळाबाई उशाला टेकून होती. बिभीषण पायांशी जाऊन उभा राहिला, उंबऱ्यात उभा राहिला होता तसाच, मान खाली घालून. "माय, आलो गं," तो म्हणाला. "दे शिव्या. जितक्या देयाच्या तितक्या दे."

मंजुळाबाईचे डोळे एकदम भरले. तोंड वाकडं होऊन हललं, घशातून नुसता आवाज आला, ज्याचा शब्द होईना. तिनं पुन्हा जोर केला. डावा हात उचलून तिनं त्याला जवळ ओढलं, त्याचं तोंड चाचपलं, गालाची हाडं चाचपली, आणि पुन्हा काहीतरी म्हणायला गेली. तेही जमेना. मग तिनं मान वळवून लेकीकडं बघितलं. मुलाकडं बोट केलं, आपल्या तोंडाकडं केलं, आणि लेकीकडं. तू सांग त्याला, असंच ते होतं. ही शिकलेली होती. हिला जास्ती कळत होतं.

सुकेशनी खाटेवर वाकली. आईचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "माय, 'मुडद्या, इतके दिस कुठं मेला व्हतास' आसं म्हनायचंय का?"

मंजुळाबाईनं मान हलवली. नाही.

"मंग 'बरं झालं आलास, बाळा' आसं?"

तिनं पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात, आणि डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली. डोळे लेकीच्या तोंडावर खिळलेले होते, वाट बघत. बिभीषणही बहिणीकडं बघत होता.

सुकेशनीनं तोंड उघडलं. पण तिला तिसरं काही सुचेना, आणि मंजुळाबाई मान हलवत राहिली.